भरतपूरला पहिल्यांदा कॅमेरा घेऊन जाताय? फेब्रुवारी-मार्चमधले पक्षी, अजगर आणि कासवं टिपायची सविस्तर माहिती

जानेवारी संपत आला की "भरतपूरला चाललोय, लेन्स कुठली घेऊ?" असे मेसेज यायला लागतात. लेन्सचं सांगतोच खाली, पण तिथं फोटो चांगले येणं न येणं हे लेन्सवर कमी आणि तुम्ही कुठल्या तासाला कुठं बघताय ह्याच्यावर जास्त आहे, आणि हे आधी कुणी नीट सांगत नाही. मला सुरुवातीला जे इकडून तिकडून विचारत बसावं लागलं ते सगळं एका जागी लिहितोय, म्हणजे तुमची पहिली सकाळ गेटवर गोंधळण्यात जायला नको. आपल्याकडची भिगवण, नांदूर मध्यमेश्वर ही पाणथळं करून झालेल्यांना पक्षी बरेचसे ओळखीचे वाटतील, पण फिरायची पद्धत वेगळी आहे. भिगवणसारखं होडीत बसून पक्ष्यांच्या मागे जायचं नाही, जवळजवळ सगळं काम रस्त्यावरून आणि बांधावरून.

१. आधी जागा समजून घ्या

राजस्थानातल्या भरतपूरचं हे पक्ष्यांचं ठिकाण म्हणजे केवलादेव राष्ट्रीय उद्यान, तिथले जुने लोक नुसतं 'घना' म्हणतात. जेमतेम २९ चौरस किलोमीटर. ताडोबा-पेंच डोक्यात ठेवून जाल तर आकाराने एकदम लहान वाटेल. पण ३५० च्या वर पक्ष्यांच्या जाती इथं नोंदल्यात.

हे पाणी आपोआप साचलेलं नाही. अठराव्या शतकात महाराजा सूरजमलने अजान बांध घातला, पुढे संस्थानिकांनी बदकांच्या शिकारीसाठी आत बांध, पाट, झडपा बांधून कप्पे पाडले. केवलादेवाच्या देवळाजवळ शिकारीच्या आकड्यांचे दगडी फलक आहेत, तिथं दोन मिनिटं थांबाच. १२ नोव्हेंबर १९३८ ला व्हाइसरॉय लिनलिथगोच्या पार्टीने एका दिवसात ४,२७३ पक्षी मारल्याची नोंद आहे. त्याच जागेला १९८१ ला रामसर (महत्त्वाच्या पाणथळींचा आंतरराष्ट्रीय) दर्जा मिळाला, १९८२ ला राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९८५ ला जागतिक वारसा. आपल्या मुंबईच्या बीएनएचएसचं (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) इथं अनेक वर्षं काम चाललं, पक्षितज्ज्ञ सलीम अलींनी इथं पक्ष्यांच्या पायात ओळखीच्या रिंगा घालायचं काम केलं, म्हणून आतल्या माहिती केंद्रालाही त्यांचंच नाव आहे.

फोटोवाल्याला ह्या इतिहासाचा उपयोग काय? तर पाणी कप्प्याकप्प्यांत सोडतात, त्यांना ब्लॉक म्हणतात, आणि दर वर्षी सगळ्या ब्लॉकमध्ये सारखं पाणी नसतं. गंभीर नदीवर वरच्या अंगाला करौलीकडे पांचना धरण झाल्यापासून नदीचं पाणी कमी झालं, आता गोवर्धन ड्रेन आणि चंबळच्या पाइपलाइनवर बरंच अवलंबून आहे. त्यामुळे मागच्या वर्षी मित्राला जिथं कमळपक्षी मिळाला तिथं ह्या वर्षी गुरं चरावीत असं कोरडं मैदान असू शकतं. बुकिंग करायच्या आधी हॉटेलवाल्याला किंवा तिथल्या एखाद्या गाइडला फोन करून सरळ विचारा, "इस बार पानी कौन से ब्लॉक में है?" हा एक फोन अर्धी ट्रिप वाचवतो.

२. तारखा ठरवा

डिसेंबर-जानेवारीत पक्षी भरपूर पण धुकं इतकं की कधी कधी दहा-अकरापर्यंत समोरचं झाड दिसत नाही. धुक्यातले फोटो सुंदर येतात, पण पहिल्यांदा जाणाऱ्याने त्याच्या भरवशावर राहू नये. आणि उन्हाळ्यात पाणीच आटतं.

माझ्या मते नवख्यांसाठी सगळ्यात चांगला काळ फेब्रुवारीचा दुसरा आठवडा ते मार्चचा पहिला आठवडा. कारण ह्या दिवसांत दोन गोष्टी एकत्र येतात. पाहुणे पक्षी अजून गेलेले नसतात, आणि रात्री थंड पण दुपार उबदार असल्याने सरपटणारे प्राणी ऊन खायला बाहेर पडतात. पट्टकादंब आणि कलहंस हे पाहुणे हंस मार्च उजाडला की उत्तरेकडे निघायला लागतात, त्यामुळे हंस-बदकं हेच मुख्य आकर्षण असेल तर फेब्रुवारीच धरा. चित्रबलाक करकोच्यांची घरटी ऑगस्ट-सप्टेंबरपासून सुरू होतात, फेब्रुवारीत पिल्लं चांगली मोठी होऊन पंख मारायची प्रॅक्टिस करत असतात. मार्चच्या मध्यानंतर दुपारी ऊन चांगलंच लागतं आणि अजगर वगैरे पटकन बिळात जातात.

एक सावधगिरी, होळीच्या आठवड्यात जाऊ नका. हा सगळा ब्रज भाग आहे, मथुरा-वृंदावन हाकेच्या अंतरावर, हॉटेलं आणि गाड्या फुल्ल असतात आणि रस्त्यात कोण कधी रंग उडवेल सांगता येत नाही. कॅमेरा आणि गुलाल हे समीकरण जुळत नाही. शनिवार-रविवारही टाळता आला तर टाळा, दिल्ली-आग्र्याची गर्दी असते.

किती दिवस? आत दोन पूर्ण दिवस हवेतच. एका दिवसात "करून येऊ" म्हणणारे फक्त पळत असतात.

३. जायचं कसं, राहायचं कुठं

मुंबईहून गोल्डन टेंपल मेल आणि पश्चिम एक्सप्रेस भरतपूरला थांबतात, हे सगळ्यात सोपं. पुण्याहून झेलम किंवा गोवा एक्सप्रेसने मथुऱ्याला उतरा, तिथून भरतपूर ३५-४० किलोमीटर. नाशिककरांना पंजाब मेलने मथुरा. विमानाने येणार असाल तर दिल्ली किंवा जयपूर, दोन्हीकडून रस्त्याने साधारण चार तास धरा.

राहायला गेटच्या जवळपासच बघा. शहरात स्वस्त मिळालं म्हणून लांब राहिलात तर पहाटे रिक्षा शोधण्यात उजेड निघून जातो. गेटच्या आजूबाजूला घरगुती गेस्टहाऊसपासून बऱ्यापैकी हॉटेलपर्यंत सगळं आहे, आणि बरेच मालक स्वतः पक्षीवाले आहेत, पहाटेचा चहा आणि बांधून नाश्ता मागितला तर देतात. हे रात्रीच सांगून ठेवा.

४. कागदपत्रं आणि सामान

कागदपत्रांत आधार किंवा दुसरं सरकारी ओळखपत्र, मूळ आणि एक झेरॉक्स. विद्यार्थी असाल तर कॉलेजचं चालू वर्षाचं ओळखपत्र घ्या, तिकीट खिडकीवर सवलतीचं विचारा. ऑनलाइन तिकीट काढलं तर स्क्रीनशॉट ठेवा. थोडी रोख रक्कम ठेवाच, रिक्षा-सायकलवाल्याकडे नेटवर्क नसेल तर यूपीआय अडतं.

सामानाचं असं:

- कॅमेरा कुठलाही चालेल, क्रॉप (लहान) सेन्सर असेल तर पक्षी मोठा दिसतो म्हणून उलट फायदाच. लेन्स १००-४०० किंवा १५०-६०० झूम. ६०० ची प्राइम (झूम नसलेली) लेन्स भाड्याने आणायच्या भानगडीत पहिल्या वेळी पडू नका, रस्त्याच्या कडेला पक्षी इतका जवळ असतो की ती लेन्स लांब पडते. ब्रिज कॅमेरा (लेन्स न बदलता येणारा, मोठ्या झूमचा) असेल तरी जा.
- बीनबॅग, म्हणजे लेन्स टेकवायची छोटी उशी. रिकामीच न्या आणि भरतपूरच्या किराणा दुकानात तांदूळ किंवा राजमा भरून घ्या. ट्रायपॉडपेक्षा ही कितीतरी कामाची, रिक्षाच्या दांड्यावर, सायकलच्या सीटवर, जमिनीवर, कुठेही टेकते. मोनोपॉड असेल तर तोही.
- दोन जादा बॅटऱ्या. थंडीत बॅटरी लवकर बसते, एक आतल्या खिशात अंगाच्या उबेत ठेवा.
- दुर्बीण, ८x४२ किंवा तत्सम. ही घरी ठेवू नका, प्लीज. आधी दुर्बिणीने बघायची सवय असेल तर कॅमेरा योग्य वेळी उचलला जातो.
- सर्क्युलर पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारा फिल्टर, कासवांसाठी. खाली सांगतो.
- कपडे थरावर थर. सकाळी आठ-दहा अंश, दुपारी पंचविशीच्या आसपास. कानटोपी आणि बोटं मोकळी राहतील असे हातमोजे. रंग मातकट, खाकी, हिरवट. पांढरा आणि भडक नको.
- पाण्याची बाटली, गूळ-शेंगदाणे किंवा लाडू असं काही. आतल्या कॅन्टीनजवळ माकडं असतात, पिशवी उघडी टाकून फोटो काढत बसू नका.

ड्रोन अजिबात नाही. संरक्षित क्षेत्र आहे, कारवाई होते.

५. गेटवर: रिक्षा की सायकल

उद्यान सूर्योदय ते सूर्यास्त उघडं असतं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला सूर्योदय सातच्या थोडा नंतर, मार्चच्या मध्याला साडेसहाच्या सुमारास. तुम्ही पंधरा-वीस मिनिटं आधी खिडकीवर उभे असायला हवं. तिकिटाचे, रिक्षाचे आणि गाइडचे दर गेटवर बोर्डावर लिहिलेले असतात, ते बदलत राहतात म्हणून आकडा इथं देत नाही, बोर्डाचा फोटो काढा आणि त्याच हिशोबाने पैसे ठरवा. व्हिडिओ कॅमेऱ्याची फी वेगळी असते, आधी विचारून घ्या.

खाजगी गाडी फार आत नेता येत नाही. पुढे चालत, सायकलने किंवा रिक्षाने. पहिल्या दिवशी रिक्षाच घ्या असं मी आग्रहाने सांगेन. इथले रिक्षावाले नुसते रिक्षा चालवत नाहीत, वनखात्याने त्यांना पक्षी ओळखायचं ट्रेनिंग दिलेलं आहे आणि त्यातले कितीतरी जण रोज तोच रस्ता बघत म्हातारे झालेत. घुबड आज कुठल्या फांदीवर बसलंय हे त्यांना काल संध्याकाळीच माहीत असतं. दुसरा मोठा फायदा म्हणजे पक्ष्यांना ह्या रिक्षांची सवय आहे. तुम्ही सीटवर बसून असाल तोपर्यंत बगळा मान वळवूनही बघत नाही, पण एक पाय खाली टाकलात की उडतो. तासाने ठरवा, फेरीने नको, आणि निघतानाच सांगा की आपल्याला फोटो काढायचेत, सगळं दाखवायची घाई नाही.

दुसऱ्या दिवशी रस्ता समजला की भाड्याची सायकल घ्या. ब्रेक आणि हवा गेटवरच तपासा.

६. सकाळचे पहिले तीन तास वर बघा

मुख्य रस्ता गेटपासून केवलादेवाच्या देवळापर्यंत साधारण पाच किलोमीटर. दोन्ही बाजूंना बाभूळ, कळंब, बोरी आणि मधेमधे पाणथळ. सकाळी सूर्य तुमच्या पाठीशी यायला हवा म्हणून रस्त्याच्या पश्चिमेकडच्या पाण्यात काम करा, संध्याकाळी पूर्वेकडच्या. एवढं साधं आहे पण बहुतेक जण जिथं पक्षी दिसेल तिथं थांबतात आणि सूर्याकडे तोंड करून काळी आकृती घेऊन येतात.

सुरुवातीची सेटिंग अशी ठेवा आणि मग आपापल्या कॅमेऱ्याप्रमाणे बदला. मॅन्युअल मोड, आयएसओ ऑटो, त्याची वरची मर्यादा ३२०० किंवा ६४००. अपर्चर लेन्सचं सगळ्यात मोठं, म्हणजे एफ ५.६ किंवा ६.३. बसलेल्या पक्ष्याला शटर १/५०० ते १/८००, उडणाऱ्याला १/१६०० च्या वर, खंड्या किंवा पाकोळीसारख्या वेगवान पक्ष्याला १/३२०० पण कमी पडतं. फोकस कंटिन्युअसवर, कॅमेऱ्यात प्राण्याचा डोळा ओळखायची सोय असेल तर चालू, पण पाणवनस्पतीत ती फसते, तिथं एकच पॉइंट घेऊन डोळ्यावर ठेवा. फाइल रॉ, म्हणजे नंतर दुरुस्त करता येईल अशी.

पांढऱ्या पक्ष्यांचं एक्स्पोजर हे भरतपूरचं खरं दुखणं. बगळा, चमचा, पेलिकन, सगळे पांढरे आणि मागे गडद पाणी, कॅमेरा गोंधळतो आणि पिसं जळून नुसता पांढरा डाग येतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सेटिंग) उणे ०.७ पासून सुरू करा, ऊन तापलं की उणे १. हायलाइट वॉर्निंग (जळलेला भाग लुकलुकवून दाखवणारी सोय) चालू ठेवा, पिसांवर लुकलुकलं की आणखी कमी करा. उलट पाणकावळा चकाकत्या पाण्यासमोर असेल तर अधिक करावं लागतं. एका बैठकीत दोन्ही करावं लागतं म्हणून ते डायल डोळे मिटून फिरवता आलं पाहिजे, घरी गच्चीवर कावळा आणि पांढरं कबूतर ह्यांच्यावर सराव करून जा.

आता काय बघायचं. यादी खूप मोठी होईल, मी नवख्यांना सुरुवात तिरंदाजापासून करायला सांगतो. लांब मान, सुरीसारखी चोच, आणि पंख पाणकावळ्याप्रमाणेच भिजतात म्हणून पाण्यातून आला की खुंटावर बसून पंख उघडून वाळवत राहतो. दहा-पंधरा मिनिटं हलत नाही, म्हणजे तुम्हाला सेटिंग, फ्रेम, उभा-आडवा सगळं करून बघायला वेळ मिळतो. जवळून बघा, खांद्यावरच्या काळ्या पिसांत चंदेरी रेघा असतात, एक्स्पोजर बरोबर असेल तर त्या सुट्या सुट्या दिसतात, चुकलं तर सगळा काळा गोळा. म्हणून हा पक्षी परीक्षा घेतो आणि संधीही देतो.

मग जांभळी पाणकोंबडी, लाल पायात कंद धरून खाते तेव्हा पकडा. वारकरी, थापट्या, तलवार बदक भरपूर. ब्लूथ्रोट हा छोटा पक्षी रस्त्याच्या कडेला चिखलात तुरुतुरु पळतो, त्याच्यासाठी रिक्षातून उतरून बीनबॅग जमिनीवर टेकवून आडवं व्हा, आणि तो तुमच्याकडे येईपर्यंत थांबा, आपण मागे गेलो की झुडपात घुसतो. सारसाची जोडी मोकळ्या गवताळ भागात दिसली तर लांबच थांबा आणि लेन्स थोडी मागे घ्या, म्हणजे १५० किंवा २०० वर. आधी एक पक्षी मान वर करून ओरडतो, लगेच दुसरा साथ देतो, आणि कधी कधी पंख पसरून नाच सुरू होतो. ६०० वर बसलात तर पंख कापले गेलेच म्हणून समजा. सायबेरियन क्रौंच मात्र आता इथं नाही, २००१-०२ च्या हिवाळ्यानंतर तो भरतपूरला दिसलेला नाही. कुणी "दाखवतो" म्हणालं तर तो सारसच असणार.

डस्की ईगल आउल नावाचं मोठं करडं घुबड ह्या दिवसांत घरट्यावर असतं, रिक्षावाला दाखवेल. रस्त्यावरूनच काढा. झाडाखाली जाऊन उभं राहायचं नाही, फ्लॅश तर नाहीच नाही.

७. ऊन चढलं की खाली बघा

साडेनऊ-दहानंतर पाण्यावरची हवा तापून थरथरायला लागते, लांबच्या बदकांचे फोटो कितीही भारी लेन्स असली तरी धूसर येतात. बहुतेक जण ह्या वेळेला कंटाळून हॉटेलवर जातात. तुम्ही जाऊ नका, सरपटणाऱ्यांचा दिवस आत्ता सुरू होतो. त्यांचं रक्त आपल्यासारखं आतून गरम राहत नाही, रात्रभराच्या थंडीने अंग जड झालेलं असतं, ऊन अंगावर घेतल्याशिवाय शिकार नाही की पचन नाही.

घोरपड. जुन्या झाडांच्या ढोल्या बघत चला, विशेषतः पूर्वेकडे तोंड असलेल्या. नुसतं डोकं बाहेर काढून पडलेली असते आणि सालीचा रंग नि तिचा रंग एकच. डोकं दिसलं की थांबा, हळूहळू पूर्ण बाहेर येते. शटर १/१००० ठेवलं तर दुभंगलेली जीभ मिळते.

कासवं. पाण्यात पडलेल्या ओंडक्यांवर, बांधाच्या उतारावर. मऊ पाठीची कासवं मान लांब काढून, मागचे पाय ताणून ऊन खातात. माणसाची सावली पाण्यावर पडली की डुबकन खाली, म्हणून बांधावर उभं राहायचं नाही, बसायचं, आणि सूर्य कुठं आहे ते बघून बसायचं. ओल्या पाठीवर उन्हाची चकाकी येते ती पोलरायझर फिरवून कमी करा, रंग लगेच उठतो. त्याने उजेड एक ते दोन स्टॉप कमी होतो, पण ह्या वेळेला उजेडाची कमी नसते.

साप. दिवड उथळ पाण्याच्या कडेला, धामण बांधावर. दोन्ही बिनविषारी, तरी अंतर ठेवा, कारण गवतात दुसरंही काही असू शकतं. बूट घोट्याच्या वरपर्यंतचे घाला, झुडपात हात घालून "जरा फांदी बाजूला करतो" असं करू नका.

अजगर. ह्याच्यासाठी लोक लांबून येतात आणि ह्याच्याच बाबतीत सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून जरा सविस्तर. अजगर कोरड्या, उंच भागात साळिंदराने खणलेल्या बिळांत राहतो. थंडीच्या दिवसांत दहा-अकरा ते दुपारी तीन-चारपर्यंत बिळाच्या तोंडाशी वेटोळं घालून पडतो. वर बोरीची झुडपं, खाली वाळका पाला, आणि अंगावरचे तपकिरी पट्टे त्या ऊन-सावलीत इतके मिसळतात की रिक्षावाल्याने बोट दाखवलं तरी आधी मातीच दिसते. मग एकदम लक्षात येतं की आपण बघतोय तो मातीचा उंचवटा श्वास घेतोय. डोक्यावर फिकट गुलाबी झाक असते, वरच्या ओठाच्या कडेला छोटे खड्डे दिसतात, भक्ष्याच्या अंगाची उष्णता त्यांनी कळते त्याला.

फोटो घ्यायचा तो वाटेवरूनच. सापाला जमिनीतली थरथर जाणवते, चार-पाच जण धपाधप चालत गेले की तो बिळात, आणि त्या दिवशीचं ऊन गेलं की त्याचं पचन, त्याची वीण सगळ्यालाच धक्का लागतो, कारण हाच त्यांचा मिलनाचाही हंगाम आहे. एका वेळेला दोन माणसं, बाकीचे रिक्षाजवळ. अपर्चर एफ ८ ते ११ घ्या, कारण वेटोळं खोल असतं आणि ५.६ ला डोळा शार्प आला तरी पुढचं वेटोळं धूसर होतं. फोकस डोळ्यावर. डोळा निळसर दुधाळ दिसला तर कात टाकायला आलाय, त्याला नीट दिसत नाही आणि तो बिथरलेला असतो, एखादा फोटो घेऊन निघा. अजगरांच्या भागाचा रस्ता वनखात्याने बंद ठेवला असेल तर हट्ट करू नका, पैसे तर मुळीच देऊ नका.

८. दुपार आणि संध्याकाळ

एक ते तीन जेवा, बॅटऱ्या लावा, कार्ड कॉपी करा. थंड हवेतून उबदार खोलीत आलात की कॅमेरा लगेच बाहेर काढू नका, काचेवर दव धरतं, अर्धा तास बॅगेतच राहू दे.

संध्याकाळी एकच जागा धरा. चित्रबलाकांची वसाहत असलेल्या झाडांसमोर बसलात तर मोठे पक्षी चारा घेऊन येताना, पाय खाली सोडून उतरताना मिळतात, आणि ते वाऱ्याच्या विरुद्ध उतरतात त्यामुळे वारा तुमच्या पाठीमागून येत असेल तर समोरून फ्रेम मिळते. नाहीतर मोकळ्या पाण्याजवळ दलदली भोवत्या ह्या शिकारी पक्ष्याची वाट बघा, तो बदकांवरून खाली आला की सगळा थवा एकदम उठतो. सूर्यास्ताला गेटबाहेर पडायचं आहे हे लक्षात ठेवून परत फिरा.

९. इथं लोक फसतात

स्टेशनवर किंवा हॉटेलजवळ कुणीतरी सांगतं की "आज पार्क बंद है" किंवा "पानी नहीं है, दूसरी जगह ले चलता हूँ". गेटवर जाऊन स्वतः बघा.

काठीने ढोसून अजगर हलवून देणारा, किंवा दगड मारून थवा उडवून देणारा कुणी भेटला तर तिथंच नाही म्हणा आणि त्याच्याबरोबर पुढे जाऊ नका. अजगर आणि घोरपड दोन्ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यांना छेडणं हा गुन्हा आहे आणि तुम्ही शेजारी कॅमेरा घेऊन उभे असाल तर तुम्हीही त्यात आलात. मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणं हे पण नको, विणीच्या दिवसांत तो खरा प्रतिस्पर्धी आलाय समजून दमून जातो.

आणि सगळ्यात मोठा सापळा म्हणजे यादी. पहिल्या दिवशी दोनशे जाती करायच्या म्हणून निघालात तर प्रत्येकाचा एकेक पाठमोरा फोटो मिळेल. सकाळी एक ब्लॉक, उन्हात एक अजगर किंवा एक ओंडका, संध्याकाळी एक वसाहत, इतकंच ठरवा.

१०. तिसरा दिवस असेल तर चंबळ

भरतपूरहून धौलपूरकडे चंबळ नदी, गाडीने दोन-अडीच तास. राष्ट्रीय चंबळ अभयारण्यात होडीतून सुसरी आणि मगरी वाळूवर ऊन खाताना दिसतात, वेळ तीच, सकाळी उशिरा ते दुपार. मोठ्या नर सुसरीच्या नाकाच्या टोकावर गाठ असते, बाजूने फोटो घेतला तरच नीट कळते. पाणचिरा पक्षी पण इथं मिळतो. होडी हलते म्हणून शटर १/१००० च्या खाली नको आणि बीनबॅग होडीच्या कडेवर. वाळूवर उतरू नका, मार्चपासून तिथं अंडी घालायचे दिवस येतात.

११. घरी आल्यावर

आधी दोन जागी बॅकअप, मगच कार्ड फॉरमॅट. निवड करताना डोळा शार्प नसलेले फोटो सरळ उडवा. नॉइज कमी करताना पिसांचा आणि खवल्यांचा पोत जाऊ देऊ नका, थोडे दाणे राहिले तरी चालतात.

पक्ष्यांच्या नोंदी ईबर्ड ह्या साइटवर टाका, सरपटणाऱ्यांच्या आयनॅचरलिस्ट ह्या साइटवर, तारीख आणि वेळेसकट, कारण पाहुणे कधी गेले आणि अजगर कधी बाहेर आले हे अशाच नोंदींतून कळतं. अजगराच्या बिळाचं आणि घुबडाच्या घरट्याचं नेमकं ठिकाण मात्र कुठंच लिहू नका, आयनॅचरलिस्टवर लोकेशन धूसर करायची सोय आहे, ती वापरा, आणि सोशल मीडियावर टाकायच्या आधी फोटोतला जीपीएसचा डेटा काढून टाका.